लांडग्याला कळलं, पण सांगणार कोण?

"लांडगा थांबलाय. नाक वर करून हुंगतोय, मानेवरचे केस उभे राहिलेत. बस, एवढंच." डीएमने एवढं सांगितलं आणि चहाचा कप उचलला.

कर्वेनगरातल्या एका फ्लॅटचा हॉल. सोफा भिंतीला सरकवलेला, मधोमध जेवणाचं टेबल, त्यावर चौकटी आखलेलं रेक्झिनसारखं जाड कापड. कापडावर मार्करने काढलेली एक खिंड, आणि त्या खिंडीत बोटभर उंचीच्या चार बाहुल्या आणि एक राखाडी लांडगा. लांडगा माझ्या भाचीचा. म्हणजे तिच्या पात्राचा, पण टेबलावर हा फरक कुणी करत नाही.

"कुठे आहे तो?" तिने विचारलं.

"लांडग्याला विचार."

"लांडगा बोलत नाही."

"मग?" डीएम शांत.

शेजारचा मुलगा जादूगार खेळतो. तो म्हणाला, लांडगा ज्या दिशेला बघतोय तिकडे मी आगीचा गोळा टाकतो. पलीकडून लगेच हरकत आली: तुझ्या जादूगाराची लांडग्याकडे पाठ आहे, त्याला कसं कळलं? मग आवाज चढले, पुस्तकं उघडली गेली, मोबाइल निघाले. खेळातले सहा सेकंद होते. वाद चहा गार होऊन पुन्हा गरम करून येईपर्यंत चालला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'इंद्रियं' असा कळवला तेव्हा बाकीची मंडळी अत्तराच्या आणि मसाल्याच्या दुकानांकडे वळणार हे उघड होतं. मला भाचीचं जुनं वाक्य आठवलं: "मामा, शनिवारी माझ्या लांडग्याच्या नाकाने सगळे वाचले." कागदावरच्या लांडग्याला नाक असतं ते कसं, आणि त्या नाकाने टेबलाभोवतीची माणसं कशी वाचतात, हे बघायला मी गेलो होतो.

पडद्यामागचा माणूस

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पुस्तिका. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, एक जण डंजन मास्टर होतो, तोच डीएम. पात्र काय करतं ते खेळाडू बोलून सांगतो, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि जगात पुढे काय झालं ते डीएम सांगतो. डीएमसमोर पुठ्ठ्याचा पडदा उभा असतो. पडद्यामागे त्याचे नकाशे, शत्रूंचे आकडे आणि लपवलेल्या गोष्टी.

तो पडदाच माझ्या विषयाचं मूळ. गायगॅक्स आणि आर्नेसन दोघेही युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींतले, आणि त्या खेळांची मुळं प्रशियाच्या सैन्यात जातात. 1824 साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तिथल्या सेनाधिकाऱ्यांसमोर 'क्रिग्जश्पील' मांडला. त्यात दोन्ही बाजूंना सगळा पट दिसत नसे. मधला पंच दोघांना फक्त तेवढंच सांगे, जेवढं त्यांच्या तुकड्यांना त्या क्षणी दिसू शकलं असतं. निरोप घेऊन निघालेल्या घोडेस्वाराला अंतर कापायला वेळ लागतो, म्हणून हुकूमही उशिरा पोचे. कुणाला काय ठाऊक आहे आणि ते दुसऱ्यापर्यंत कधी पोचतं, यावर लढाई ठरते, हे त्या प्रशियन पंचाने पक्कं ओळखलं होतं. आजचा डीएम त्याचाच वंशज. आणि भाचीचा लांडगा म्हणजे असा टेहळणीचा स्वार, ज्याला सगळं कळतं आणि काहीच सांगता येत नाही.

नाकाचं गणित

आधी पुस्तक काय म्हणतं ते. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत लांडग्याच्या माहितीत एक ओळ आहे: तीक्ष्ण कान आणि नाक. ऐकण्या-हुंगण्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक 'परसेप्शन'ला, म्हणजे काही लक्षात आलं का हे ठरवणाऱ्या फेकीला, त्याला 'अॅडव्हान्टेज' मिळतो, म्हणजे फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. साध्या फाशावर 11 किंवा वर पडण्याची शक्यता निम्मी. दोनदा टाकला की ती पाऊण होते.

पण लांडगा काही मुद्दाम हुंगायला बसत नाही, त्याचं नाक सतत चालूच असतं. त्यासाठी 'पॅसिव्ह परसेप्शन' नावाचा ठरलेला आकडा आहे. लांडग्याचा 13. अॅडव्हान्टेज असेल तर त्यात 5 मिळवायचे, म्हणजे वासाच्या बाबतीत 18. आता समोर झुडपात लपणारा गॉब्लिन धरा, त्याला लपण्यासाठी फाशावर 6 जास्तीचे मिळतात. 13 च्या पहारेकऱ्यासमोर तो 20 पैकी 14 वेळा लपून जाईल. लांडग्याच्या नाकासमोर 9 वेळाच. वासामुळे पडलेला हा पाच वेळांचा फरक. भाचीच्या 'सगळे वाचले'मागचं गणित एवढंच आहे, आणि टेबलावर ते भरपूर ठरतं.

अदृश्य शत्रूचं प्रकरण याहून गमतीचं. नवखे खेळाडू समजतात, दिसत नाही म्हणजे सापडत नाही. नियम तसा नाही. अदृश्य माणसाची पावलं वाजतात, माती दबते, घामाचा वास येतो. तो निव्वळ अदृश्य असेल तर कुठे आहे ते कळू शकतं, फक्त त्याच्यावर केलेला वार 'डिसअॅडव्हान्टेज'ने होतो: फासा दोनदा, धरायचा लहान आकडा. खरोखर नाहीसं व्हायचं तर त्याला एक पाळी खर्चून लपावं लागतं. तिथे लांडगा आडवा येतो.

पाचव्या आवृत्तीतल्या वासाच्या नियमात वाऱ्याची दिशा मात्र नाही. हे मला खटकलं. ज्याने कधी रानात जनावराची वाट पाहिली आहे त्याला ठाऊक असतं की वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर मचाण, झाडोरा, दबकी पावलं सगळं फुकट. कर्वेनगरच्या डीएमलाही ते खटकलं होतं. त्याने उपाय जुन्या पुस्तकातून उचलला. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वासाला वारा होता: एरवी 30 फूट, वारा शत्रूकडून येत असेल तर 60, उलटा असेल तर 15. उग्र वास असेल तर अंतर दुप्पट. हा डीएम प्रत्येक लढाईच्या सुरुवातीला आठ बाजूंचा फासा टाकून वाऱ्याची दिशा ठरवतो आणि कापडाच्या कोपऱ्यात बाण काढतो. त्या बाणामुळे पोरं चक्क फिरून, वळसा घालून, वाऱ्याच्या तोंडावर जाऊन लढतात. इतक्या साध्या युक्तीने लढाईचा सगळा आकार बदलतो, हे बघून मी चकित झालो.

तिसऱ्या आवृत्तीचा तो नियम आणखी एका कारणासाठी वाचण्यासारखा आहे. वास आला म्हणजे शत्रू 30 फुटांत कुठेतरी आहे, एवढंच जनावराला कळतं. दिशा हवी असेल तर त्याने एक कृती खर्चून ती शोधायची. आणि नेमकी जागा? ती पाच फुटांवर पोचल्यावरच. आधी 'आहे', मग 'तिकडे आहे', मग 'हा इथे आहे'. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने कुत्रा माग काढताना नीट पाहिलेला असणार. कुत्रं आधी थबकतं, मग डावीकडे-उजवीकडे नागमोडी जात वासाची कड शोधतं, मग सरळ रेषेत सुटतं. शोधकुत्र्यांना वाऱ्याच्या तोंडावर काम करायला लावतात ते त्यासाठीच: वास उगमापाशी अरुंद असतो आणि वाऱ्याबरोबर पसरत जातो. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूने चीर असते, सोडलेला श्वास तिथून कडेने निघतो आणि पुढचा वास विस्कटत नाही. गंध ओळखणारी चालती जनुकं माणसात सुमारे 400, कुत्र्यात त्याच्या दुप्पट. ही दुनिया फाशाच्या एका जास्तीच्या फेकीत बसवायची म्हणजे धाडसच.

घुबडाचे डोळे, वटवाघळाचे कान

लांडग्याचं ज्ञान लांडग्यापाशी राहतं. जादूगारांनी यावर वाट काढली आहे: पाळीव प्राण्याच्या आतच शिरायचं.

'फाइंड फॅमिलिअर' हा पहिल्या पातळीचा मंत्र. दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळायच्या, तासभर मंत्र म्हणायचा, की घुबड, मांजर, वटवाघूळ, बेडूक असं काहीतरी हजर. ते शंभर फुटांच्या आत असलं की मनोमन बोलता येतं, आणि आपली पाळी खर्चली तर त्याच्या डोळ्यांनी बघता, कानांनी ऐकता येतं. मात्र 2014 च्या नियमाप्रमाणे तेवढा वेळ तुम्ही स्वतः आंधळे आणि बहिरे. घुबड छपरावरून सगळं बघतंय आणि तुमचं शरीर खाली भिंतीला टेकून उभं, मागून कुणी आलं तर पत्ता नाही. लढाईत हा सौदा फार महाग पडतो, म्हणून अनुभवी खेळाडू तो भांडण सुरू होण्यापूर्वी उरकतात. 2024 च्या नव्या पुस्तकात हे बघणं मुख्य पाळीऐवजी जोडपाळीवर आलं, म्हणजे मुख्य पाळी शिल्लक राहते. कर्वेनगरचे जादूगार खूश आहेत, डीएम नाही. मी डीएमच्या बाजूचा.

लढाई चालू असताना घुबडाचा उपयोग वेगळाच होतो. त्याला हल्ला करायची परवानगी नाही, पण 'मदत' करता येते. ते शत्रूच्या तोंडापुढून फडफडत जातं, शत्रू बिचकतो, आणि पुढच्या मित्राच्या वाराला अॅडव्हान्टेज मिळतो. घुबडाला शत्रूच्या पल्ल्यातून निसटताना फटका बसत नाही असाही नियम आहे. पाळीमागून पाळी हे घुबड येतं, फडफडतं, जातं. डीएम मंडळींचा या पक्ष्यावर विलक्षण राग असतो.

वटवाघळाची कथा आणखी सुरस. त्याला 60 फुटांपर्यंत 'ब्लाइंडसाइट' असते: डोळ्यांवाचून, प्रतिध्वनीवर जग कळणं. म्हणून धुक्याच्या मंत्राने वीस फूट त्रिज्येचा पांढरा गोळा उठला की सगळे आंधळे आणि वटवाघूळ मजेत. एका गड्याने हिशेब मांडला: धुक्यात शत्रू मला दिसत नाही, म्हणून माझा वार डिसअॅडव्हान्टेजने; वटवाघळाने शत्रूपाशी जाऊन मदत केली की अॅडव्हान्टेज; दोन्ही एकमेकांना खातात आणि मी सरळ एक फासा टाकतो. डीएमने त्याला दोनच प्रश्न विचारले. वटवाघळाला मनोमन 'जा' म्हणालास, पण शत्रू कुठल्या चौकटीत आहे हे तुला कसं कळलं? आणि शेजारच्या योद्ध्याने ढाल बडवून गोंगाट चालवलाय, त्यात वटवाघळाला ऐकू येतंय का? दुसरा प्रश्न पुस्तकाला धरून आहे. बहिऱ्या झालेल्या वटवाघळाची ब्लाइंडसाइट जाते असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पण ढालीचा गोंगाट म्हणजे बहिरेपण का? त्यावर वीस मिनिटं.

खरी घुबडं नुसत्या डोळ्यांवर नाही, कानांवरही शिकार करतात. देवमाशांच्या गाण्यांमुळे पुढे नाव झालेल्या रॉजर पेन यांनी आधी गव्हाणी घुबडांवर प्रयोग केले होते: ठार अंधाऱ्या खोलीत पाचोळ्यावर चालणाऱ्या उंदरावर ते घुबड निव्वळ आवाजाच्या अंदाजाने अचूक झडप घाली. त्याच्या दोन कानांची छिद्रं वरखाली असतात, त्यामुळे आवाज उंचावरून की खालून तेही कळतं. खेळातल्या घुबडाला तीक्ष्ण कान दिले आहेत, पण खेळाडू मागतात ते डोळेच.

आणि इथे मला पुस्तकातली सगळ्यात मोलाची गोष्ट सापडली. 2014 च्या पुस्तकातला 'फाइंड फॅमिलिअर' असो की रानात वावरणाऱ्या रेंजर पात्रांचा 'बीस्ट सेन्स' मंत्र, दोन्हींच्या मजकुरात डोळे आहेत आणि कान आहेत. नाकाचा उल्लेख नाही. जादू करूनही माणूस लांडग्याचं बघतो, लांडग्याचं ऐकतो. लांडग्याचं हुंगणं त्याच्या वाट्याला येत नाही. मुद्दाम वगळलं की लिहिणाऱ्याच्या मनात आलंच नाही, कोण जाणे. मला मात्र ते अगदी योग्य वाटतं. ज्या 1974 साली हा खेळ आला त्याच साली थॉमस नेगल या तत्त्वज्ञाने वटवाघूळ असणं म्हणजे आतून काय असतं, असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला होता. माणूस वटवाघळाचं सगळं शरीरशास्त्र शिकेल, तरी त्याचा आतला अनुभव त्याला मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं. खेळाने डोळे-कान देऊन नाक राखून ठेवलं, तेव्हा नेगलची निदान एक तृतीयांश बाजू घेतली असं म्हणायला हरकत नाही.

बोट दाखवायला बोट हवं

'पाथफाइंडर' या दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या आवृत्तीने हा सगळा गुंता फार बारकाईने सोडवायचा प्रयत्न केला आहे. तिथे इंद्रियांच्या प्रती लावल्या आहेत. माणसाची नजर नेमकी. वास, बहुतेक जनावरांचा, अर्धवट. अर्धवट इंद्रियाने शत्रूची चौकट कळते, पण वार करण्याआधी एक कोरा फासा टाकून 11 किंवा वर आणावे लागतात, नाहीतर वार हवेत. चौकटही माहीत नसेल तर अंदाजाने काठी फिरवायची.

या खेळात ज्याला शत्रू सापडला आहे त्याने तो इतरांना दाखवून द्यायची वेगळी कृतीही आहे. एक कृती खर्चायची, मग मित्रांनाही चौकट कळते. पण तिचा मजकूर म्हणतो की तुम्ही दिशेकडे हात करता आणि अंतर तोंडाने सांगता. लांडगा हात कसा करणार? अंतर कसं सांगणार? काही टेबलांवर डीएम म्हणतो, भुंकणं आणि रोखून बघणं यात सगळं आलं. काही टेबलांवर अक्षरशः वाचतात. भाची पहिल्या पंथाची. तिचा युक्तिवाद असा की माणसाने शिकारी कुत्र्यांची एक जातच यासाठी तयार केली, 'पॉइंटर' म्हणतात तिला. सावजाचा वास लागला की एक पाय उचलून दगडासारखी उभी राहते. पोलिसांचा बॉम्बशोधक कुत्रा तर भुंकतही नाही, वास आला की तिथे गपचूप बसतो, कारण भुंकून-उकरून बॉम्बशी खेळायचं नसतं. बसला म्हणजे काय, हे त्याच्या हँडलरला कळतं.

"हँडलरला कळतं," डीएम म्हणाला. "तुला. बाकीच्या तिघांना नाही."

मला वाटतं भांडण तिथेच मिटायला हवं होतं. लांडग्याकडून डीएमकडे, डीएमकडून भाचीकडे, भाचीकडून जादूगाराकडे अशी ही बातमी कानगोष्टींच्या खेळासारखी फिरते, आणि प्रत्येक हातबदलाला वेळ लागला तरच लढाईत मजा आहे. कर्वेनगरात आता ठरलंय ते असं: लांडग्याचं लक्षण डीएम भाचीला चिठ्ठीवर लिहून देतो. तिने ते ओरडून सांगितलं तर सगळ्यांना कळलं, शत्रूलाही. नाही सांगितलं तर ज्याची त्याची नजर.

चिठ्ठ्या मी पाहिल्या. एकीवर होतं: "गुरगुरतोय, पण शेपूट पायात." भाचीने ती वाचली, घडी घातली आणि कुणाला काही न सांगता धनुष्य खाली ठेवलं. गुरगुरणं शत्रूसाठी, शेपूट पायात घालणं आपल्याहून मोठ्या कशासाठी तरी. तिने घरात कुत्रा पाळलाय, हे तिथे उपयोगी पडलं.

दहा नाण्यांचा जीव

लढाईत प्राण्याची इंद्रियं वापरायची म्हणजे त्याला लढाईत न्यायचं, आणि लढाईत जीव जातो. घुबडाच्या अंगात एकच 'हिट पॉइंट', पहिल्या फटक्यात संपतं. मग पुन्हा दहा नाण्यांचा धूप जाळला की परत येतं. साहजिकच खेळाडू त्याला सापळ्यांच्या बोळात पुढे सोडतात. सापळा उडाला, घुबड गेलं, बोळ मोकळा.

1978 च्या पुस्तकात असं नव्हतं. तिथे कुठला प्राणी येणार हे फासा ठरवी आणि प्रत्येकाचं इंद्रिय वेगळं असे: काळं मांजर आलं तर रात्रीची नजर, ससाण्याला लांबचं, बेडकाला रुंद, वीझलला कान आणि नाक. जवळ असेपर्यंत त्याची शक्ती जादूगाराला मिळे. पण तो मेला तर त्याच्या हिट पॉइंटच्या दुप्पट जादूगाराचे कायमचे जात. त्या नियमाखाली कुणी मांजराला सापळ्यात ढकललं नसेल. माझं मत विचाराल तर स्वस्त घुबडाने खेळाचं नुकसान केलं. जो परत येतोच तो सोबती राहत नाही, पंख लावलेला कॅमेरा होतो.

याची दुसरी टोकाची बाजूही आहे. 'क्रिटिकल रोल' या इंटरनेटवरच्या प्रसिद्ध खेळ-मालिकेत लॉरा बेलीच्या रेंजर पात्राचं ट्रिंकेट नावाचं अस्वल होतं. ते मरेल म्हणून सगळ्यांना इतका घोर, की पुढे गळ्यातल्या जादूच्या माळेत त्याला सुरक्षित ठेवायची सोय झाली. अस्वल वाचलं, आणि बऱ्याच लढाया अस्वलाविना झाल्या.

ठाण्यातला सांगाडा

ठाण्याला एक जुनी मंडळी आहे, चाळिशी ओलांडलेली, अजून तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित पुस्तकावर, म्हणजे 'साडेतीन'वर खेळतात. नवी पुस्तकं यांना पोरकट वाटतात. त्यांच्याकडे लांडगा बाळगणारा एक ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र, आहे. खेळणारे काका बँकेत नोकरीला.

साडेतीनमध्ये जनावराला हुकूम शिकवावे लागतात. लांडग्याची बुद्धी 2, म्हणजे जास्तीत जास्त सहा हुकूम. ड्रुइडच्या सोबत्याला वर थोडे. एकेक शिकवायला आठवडा. शोध, माग काढ, राख, थांब, ये, हल्ला कर. आणि 'हल्ला कर'ला एक पोटकलम आहे: साध्या हुकमावर जनावर फक्त माणसं, माणसांसारखे प्राणी, राक्षस आणि इतर जनावरं यांच्यावर तुटून पडतं. भुतंखेतं, सांगाडे, विचित्र प्राणी यांच्यावरही जायला हवं असेल तर तो हुकूम दोनदा शिकवायचा, दोन जागा खर्च करून. जनावराला जे अघटित वाटतं त्यापासून ते मागे सरतं, हे नियमात लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

काकांनी ती दुसरी जागा 'माग काढ'ला दिली होती. त्या दिवशी लांडग्याने अगदी पुस्तकाबरहुकूम काम केलं. तळघराच्या दारात वास पकडला, पुढच्या हालचालीत दिशा धरली, तिसऱ्या पाळीला कमानीखाली पाच फुटांवर जाऊन नेमकी चौकट दाखवली. अंधारात तिथे सांगाडा उभा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हल्ला," काका म्हणाले.

"कोणावर?" डीएमने विचारलं.

काकांनी आपला कागद उलटून पाहिला. मग जनावराला न शिकवलेलं काम जबरदस्तीने करायला लावण्यासाठी फासा टाकला. लागतात 25. सगळं मिळवून झाले 19.

"लांडगा तुमच्याकडे बघतोय," डीएम म्हणाला. "आता सांगाड्याची पाळी."